प्रश्न कोणाचे, उत्तरे कोणाची?

मार्च उजाडला की कारखान्यांच्या फाटकांवर सुरक्षा सप्ताहाचे फलक लागतात. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ रोजी झाली. १९७२ पासून तो दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळण्यात येतो. शपथ घेतली जाते, घोषवाक्यांना बक्षिसे मिळतात, आणि या साऱ्याबरोबर कामगारांसाठी प्रश्नमंजुषा ठेवण्याची पद्धतही रूढ झाली आहे. प्रश्नमंजुषेने ज्ञान तर वाढतेच, शिवाय 'टीम बिल्डिंग' होते, म्हणजे संघभावना जोपासली जाते, असे व्यवस्थापनशास्त्राचे पंडित सांगतात. मुक्ताईनगरहून पश्चिमेकडे हमरस्त्याने निघाले की वरणगाव, भुसावळ, दीपनगर हा पट्टा लागतो. आयुध निर्माणी, औष्णिक वीजकेंद्र, रेल्वेचे जंक्शन असा श्रमिकांचा मोठा समुदाय येथे आहे. तेव्हा खेळ क्षुल्लक म्हणून त्याकडे काणाडोळा करणे या भागातील कार्यकर्त्यांना परवडणारे नाही.

काही साथींचे मत असे की, हा सारा मालकांचा खुळखुळा आहे. कामगारांनी त्यावर बहिष्कार टाकावा. हे मत उतावीळपणाचे आहे. १९४१ साली राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली, तेव्हापासून शाखेवर खेळ आणि बौद्धिक शेजारी शेजारीच नांदत आले. ज्यांनी मैदानावर एकत्र धाव घेतली त्यांनीच पुढे एकत्र लाठ्या खाल्ल्या. आठ तास यंत्राच्या घरघरीत उभ्या राहिलेल्या माणसाला घटकाभर हसावेसे वाटले, तर त्यात वर्गद्रोह शोधण्याचे कारण नाही. आक्षेप खेळाला नाही. या खेळात कोण कुठे बसतो, यावर आहे.

सर्वसाधारण चित्र परिचयाचे आहे. व्यासपीठावर एखादा अधिकारी किंवा भाड्याने आणलेला निवेदक. प्रश्न त्याच्या हातात आणि उत्तरेही त्याच्याच खिशात. समोर खातेनिहाय संघ. अमुक कायदा कोणत्या साली झाला, तमुक रंगाची टोपी कोणी घालावी, हे विचारले जाते. लेखा विभागातील पदवीधर तरुण चटाचट उत्तरे देतात. ज्या फिटरला केवळ आवाजावरून कळते की हे बेअरिंग आठवडाभरही टिकायचे नाही, तो मात्र खाली मान घालून बसतो. तीस वर्षांचे त्याचे ज्ञान त्या प्रश्नपत्रिकेत नाहीच. कंत्राटी कामगारांचे तर नावच यादीत नसते. ते खुर्च्या मांडतात, चहाचे पेले फिरवतात आणि टाळ्यांच्या वेळी दाराशी उभे असतात. अशा सभागृहातून कोणता संघ बांधला जाणार?

प्रश्नकर्ता आणि उत्तर देणारा यांच्यातील हे नाते निरागस नसते. ब्रिटनमध्ये १९७२ साली बीबीसीने 'मास्टरमाइंड' नावाचा प्रश्नांचा कार्यक्रम सुरू केला. काळोखात एकच खुर्ची आणि तिच्यावर रोखलेला झोत, अशी त्याची मांडणी. त्याचा जनक बिल राइट हा दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होता. तेथील चौकशीच्या आठवणींतून त्याला ही कल्पना सुचली. कैद्याला नाव, हुद्दा, क्रमांक विचारतात. या खेळात नाव, व्यवसाय आणि आवडीचा विषय विचारू लागले. आपल्याकडच्या संयोजकांना हा इतिहास बहुधा ठाऊक नसेल, पण खुर्ची त्यांनी नेमकी तशीच मांडली आहे.

ज्या गावाला मुक्ताईचे नाव आहे, तेथे तरी प्रश्नोत्तराची निराळी परंपरा आठवायला हवी. याच तालुक्यात कोथळीला मुक्ताईचे जुने मंदिर आहे आणि तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे. योगबळाने चौदाशे वर्षे जगलेल्या चांगदेवाने ज्ञानेश्वरांना पत्र लिहावयास घेतले, अशी कथा आहे. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार, हे त्याला ठरवता येईना. अखेर त्याने कोराच कागद धाडला. एवढी तपश्चर्या करूनही हा कोराच राहिला, हे स्पष्ट बोलली ती भावंडांत सर्वांत धाकटी मुक्ताई. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले, आणि पुढे त्याच मुलीला चांगदेवाने गुरू केले. चमत्काराचा भाग बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उरते. ज्येष्ठाचे अज्ञान कनिष्ठाने बोलून दाखवले, आणि ज्येष्ठाने ते ऐकून घेतले. किती कारखान्यांचे व्यवस्थापक कामगारापुढे असा कोरा कागद ठेवतील?

संघभावना वरून ओतावी लागते, हा समजही तपासून पाहिला पाहिजे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये टेलिफोनच्या तारा जोडणाऱ्या चौदा कामगारांचे संशोधकांनी निरीक्षण केले. मजुरी कामाच्या प्रमाणात होती. जास्त काम, जास्त पैसा. तरीही दिवसाचे वाजवी काम किती, हे त्या चौदा जणांनी आपसांत ठरवून टाकले होते. कोणी त्यापुढे धावू लागला तर बाकीचे त्याच्या दंडावर हलकासा गुद्दा मारीत. कोणी मागे पडला तर नियम मोडून त्याला हातभार लावीत. जास्त काम दाखवले की दर उतरेल, ही भीती त्यामागे होती. म्हणजे संघ तेथे होताच. मालकाला हवा होता तो हा नव्हता, एवढेच.

आणि हा प्रश्न करमणुकीचा नसून जिवाचा का आहे, ते भोपाळने शिकवले आहे. युनियन कार्बाइडच्या त्या कारखान्यात १९८१ च्या डिसेंबरात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला. पुढील वर्षी कामगार संघटनेने शहरात भित्तिपत्रके लावून धोक्याची जाणीव करून दिली. ऐकले कोणी नाही. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री हजारोंच्या अंगावरून वायू गेला. विचारणारे होते, उत्तर देण्यास बांधलेले कोणी नव्हते. त्यानंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत सुरक्षा समिती आली आणि तीत कामगारांना समान जागा मिळाल्या. तो अधिनियम आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आहे. समिती नेमण्यासाठी सरकारच्या आदेशाची गरज तीत घातली गेली, ही पीछेहाटच. परंतु समिती असेल तेथे कामगार-प्रतिनिधींची संख्या मालकाच्या प्रतिनिधींहून कमी असता कामा नये, हे तत्त्व तीतही टिकून आहे. कागदावरची ही बरोबरी खेळातून अंगवळणी पाडता येईल.

ती कशी, तर संघटनांनी यंदा आपणहून प्रश्नमंजुषेचे यजमानपद मागावे. संघ खातेनिहाय न करता मिसळून करावेत: एक फिटर, एक कारकून, एक कंत्राटी कामगार, एक अधिकारी. लेखी उत्तरांचा आग्रह नको, ज्याची अक्षरओळख अर्धवट आहे त्यालाही बोलता आले पाहिजे. हरलेला संघ बाद करण्याची पद्धत सोडून द्यावी. निम्मे प्रश्न कामगारांनी आठवडाभर आधी चिठ्ठ्यांवर, नाव न घालता, पेटीत टाकलेले असावेत. या व्हॉल्व्हची शेवटची तपासणी कधी झाली? रुग्णवाहिका फाटकापर्यंत यायला किती मिनिटे लागतात? कंत्राटदाराच्या माणसाला हातमोजे कोणी द्यायचे? या फेरीत उत्तरे व्यवस्थापनाने द्यावीत, कामगारांनी गुण द्यावेत. 'माहीत नाही' हे उत्तर प्रामाणिक असेल तर त्यालाही एक गुण द्यावा. मात्र तो प्रश्न सुरक्षा समितीच्या पुढील बैठकीत विषयपत्रिकेवर गेला पाहिजे.

बक्षीस संघाला सामाईक असावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, खेळ कामाच्या वेळेत व्हावा, त्या वेळेचा पगार कंत्राटी कामगारालाही मिळावा. पाळी सुटल्यावर कार्यक्रम ठेवला, तर लांबचे कामगार मुक्ताईनगर-बोदवडकडची गाडी गाठण्यासाठी पहिल्याच फेरीनंतर उठून जातील, आणि पेटीतल्या चिठ्ठ्या वाचायला पुन्हा तेच व्यासपीठावरचे चार जण उरतील.