चिनी नांवांचा बाजार

"चिनी लिपींतील प्रत्येक अक्षराला स्वतःचा अर्थ असतो; तेव्हां आपल्याला आवडतील असे दोन-तीन अर्थ कोशांतून निवडावे, त्यांचीं अक्षरें एकापुढें एक लिहावीं, कीं आपलें चिनी नांव सिद्ध झालें," असा समज आमच्या सुशिक्षित मंडळींत हल्लीं रूढ होऊं लागला आहे. वैद्यकीच्या शिक्षणासाठीं चीनला जाणारे विद्यार्थी, व्यापारानिमित्त तिकडे खेपा घालणारे गृहस्थ, हौसेनें ती भाषा शिकणारीं मुलेंमुली, या सर्वांना चिनी नांव हवें असतें, आणि तें मोबाइलच्या पडद्यावर दोन मिनिटांत मिळतें. कोणी 'सिंह' मागतो, कोणी 'विजय', कोणी 'प्रज्ञा'. हौसेला आमचा विरोध नाहीं. परंतु या रीतीनें जें तयार होतें त्याला नांव म्हणतां येत नाहीं, आणि अर्थपूर्ण तर मुळींच म्हणतां येत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कुळाचेंच पाहा. चिनी नांवांत कुलनाम आधीं येतें. तें बहुधा एका अक्षराचें असतें, आणि त्यामागून एक किंवा दोन अक्षरांचें व्यक्तिनाम येतें. सोंग राजवटीच्या काळापासून तेथील मुलें 'शंभर कुळांचीं नांवें' या नांवाची पोथी शतकानुशतकें घोकीत असत. आमचे सिंह-विजय-प्रज्ञावाले आपलीं तीन अक्षरें पुढें करतात, तेव्हां चिनी वाचक पहिल्या अक्षरांत कुळ शोधतो आणि तें त्याला सांपडत नाहीं. एकाद्या परदेशी पाहुण्यानें आपल्या घरीं येऊन "माझें नांव शूर बुद्धिमान यशस्वी" असें सांगितलें, तर आपण तें नांव न समजतां शाळेचा दाखला समजूं!

बरें, कुलनाम रीतसर घेतलें, तरी कान उरतोच. आजच्या प्रमाण चिनी भाषेंत सूर वगळून मोजल्यास निरनिराळे उच्चार सुमारें 400 च भरतात. चार सुरांनीं त्यांत भर पडते खरी, तथापि एकाच उच्चाराच्या पोटांत अनेक अक्षरें नांदतात. कोश केवळ डोळ्यांनीं पाहणाऱ्याला याचा पत्ता लागत नाहीं. 'वू' हें तेथील एक जुनें कुलनाम आहे, आणि 'द' हें सद्गुणवाचक अक्षर. दोन्ही निर्दोष. परंतु त्याच सुरांत उच्चारल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका 'वू'चा अर्थ 'नसणें' असा आहे. त्यामुळें 'वू द' अशी हांक मारली कीं ऐकणाऱ्याच्या कानावर 'सद्गुणहीन' असें पडतें. कोशांतून सद्गुण निवडणाऱ्याच्या पदरीं हें असें दान पडावें, यापरती थट्टा कोणती?

शिवाय अक्षराला अर्थाखेरीज वयही असतें. 'च्येन-क्वो' म्हणजे राष्ट्र उभारणें. अर्थ उदात्त आहे. आमच्या देशभक्त तरुणाला तो पाहतांक्षणींच आवडेल. पण 1949 मध्यें चिनी लोकसत्ताक स्थापन झालें त्या सुमारास आणि त्यानंतरच्या कांहीं वर्षांत जन्मलेल्या असंख्य मुलग्यांचें हें नांव आहे. 1958 च्या 'मोठ्या झेपे'च्या वेळीं 'झेप' या अर्थाचें 'युए-चिन' निघालें, आणि 1966 च्या सांस्कृतिक क्रांतीनंतर 'लाल रंगाचें रक्षण' अशा अर्थाचें 'वेइ-हुंग'. आज विशीतल्या विद्यार्थ्यानें आपलें नांव 'च्येन-क्वो' म्हणून सांगितलें, तर समोरच्याला राष्ट्रभक्ति दिसणार नाहीं. पंचाहत्तरीच्या आजोबांची आठवण होईल.

हें आम्हां मराठी माणसांना तरी समजावून सांगण्याची गरज पडूं नये. एकादा परदेशी पंडित मराठी कोश उघडून 'दगड' आणि 'धोंडा' हे शब्द पाहील, आणि दगडू व धोंडू या नांवांचा अर्थ 'अढळ निश्चयाचा पुरुष' असा लावील. ज्या घरांत मुलें जगत नसत, तेथें दृष्ट लागूं नये, काळानें क्षुद्र वस्तु म्हणून दुर्लक्ष करावें, यासाठीं हीं नांवें ठेवीत, हें कोश सांगत नाहीं. तें आपल्याला आजीनें सांगितलेलें असतें. चीनच्या खेड्यांतही अशाच भीतीनें मुलाला 'कुत्र्यानें टाकलेलें उष्टें' अशा अर्थाच्या नांवानें हांक मारीत. त्या नांवामागें आईचें जेवढें काळीज आहे, तेवढें कोशांतल्या शंभर 'प्रज्ञां'मागें नाहीं.

मग परक्या माणसाला अर्थपूर्ण चिनी नांव मिळूंच शकत नाहीं काय? मिळतें. 1924 मध्यें रवींद्रनाथ ठाकूर पेकिंगला गेले असतां त्यांच्या वाढदिवशीं ल्यांग छि-छाओ या विद्वानानें त्यांना 'चू चेन-तान' हें नांव दिलें. 'चेन' म्हणजे मेघगर्जना, 'तान' म्हणजे उगवता सूर्य. रवि आणि इंद्र दोघेही त्यांत आले. पण तेवढ्यानें तें नांव थोर होत नाहीं. 'चेन-तान' हें 'चीनस्थान' या आपल्याच जुन्या शब्दाचें चिनी रूप होय, म्हणजे प्राचीन भारतानें चीनला दिलेलें नांव. आणि 'चू' हें कुलनाम भारताच्या 'थ्येन-चू' या जुन्या चिनी नांवांतून घेतलेलें; आपल्याकडून गेलेले अनेक भिक्षु तेंच लावीत असत. एवढा इतिहास तीन अक्षरांत बसवायला कोश पुरत नाहीं, ल्यांग छि-छाओ लागतो.

त्याहून जवळचें उदाहरण सोलापूरचें आहे. 1938 मध्यें राष्ट्रसभेनें चीनला पांच डॉक्टरांचें पथक पाठविलें. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते. पांचांच्याही चिनी नांवांच्या शेवटीं 'ह्वा' हें अक्षर होतें. कोटणीसांचें नांव 'के दिह्वा'. आतां आमच्या कोशवाल्यांनीं हें नांव उलगडून पाहावें. 'के' म्हणजे फांदी, पण तें खरेंखुरें चिनी कुलनामही आहे. 'दि' म्हणजे एक फुलझाड. यांत ना सिंह, ना विजय; अर्थांची खरेदी करणारा कोणीही या झुडपाकडे ढुंकून पाहणार नाहीं. परंतु 'शी चिंग' या प्राचीन काव्यसंग्रहांत भावाभावांच्या प्रेमावरचें एक गीत या झाडाच्या फुलांपासून सुरू होतें, आणि तेव्हांपासून 'दिह्वा' म्हटलें कीं साक्षर चिनी माणसाच्या मनांत बंधुभाव उभा राहतो. 'ह्वा' म्हणजे मुळांत फूल. 'ह्वा' म्हणजे चीनही. कोटणीस या उच्चाराचा आरंभ राखला, कुळ दिलें, फांदीला फूल आणलें, आणि परदेशी डॉक्टराला भाऊ म्हटलें! 1942 मध्यें त्यांना मुलगा झाला. त्याचें नांव सेनापति न्ये रुंग-चेन यांनीं सुचविलें: 'यिन-ह्वा'. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. पुढें तीन-साडेतीन महिन्यांत, त्याच वर्षाच्या डिसेंबरांत, कोटणीस वारले.

रवींद्रनाथांनीं आपलें चिनी नांव निवडलें नव्हतें. यिन-ह्वानें तर नाहींच. चिनी नांव ही देण्याची वस्तु आहे. ज्याला ती भाषा आईकडून मिळाली, त्यानें आपल्याकडे पाहून तें द्यावें आणि आपण तें लिहावयास शिकावें. चालत आलेल्या पाहुण्याला नांव देण्याची रीत आपलीही होती. श्वेनत्सांग भारतांत आला, तेव्हां येथील महायानी पंडितांनीं त्याला 'महायानदेव' म्हटलें आणि हीनयानी पंडितांनीं 'मोक्षदेव'.

यावर कोणी म्हणेल कीं, चिनी लोक स्वतः पंचतत्त्वें पाहतात, अक्षरांतील रेघा मोजतात, त्याचें काय? पंचतत्त्वांची गोष्ट निराळी आहे. मिंग घराण्याच्या संस्थापकानें असा दंडक घातला कीं राजपुत्रांच्या नांवांत पिढीपिढीगणिक काष्ठ, अग्नि, पृथ्वी, धातु, जल या क्रमानें त्या त्या तत्त्वाचें चिन्ह असलेलें अक्षर यावें. नांव पाहतांच पिढी कळावी. (राजधानी पेकिंगला नेणाऱ्या युंग-लो बादशहाचें काष्ठचिन्हाचें अक्षर कोटणीसांच्या नांवांतलेंच 'दि' होय.) ही घराची शिस्त झाली. रेघा मोजून भाग्य सांगण्याची जी 'पांच घरांची' पद्धति आज प्राचीन चिनी विद्या म्हणून विकली जाते, ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जपानांत कुमासाकी केनो नांवाच्या गृहस्थानें बसविली आणि तेथून चिनी समाजांत पसरली. ती आमच्या अंकज्योतिष्यांच्याच जातीची आहे. तिची अधिक चर्चा करण्याचें कारण नाहीं.

राहिली अडचण घाईची. नांव देणारा कोणी भेटला नाहीं, आणि अर्ज तर उद्यां भरावयाचा आहे! तर आपलेंच नांव ध्वनीपुरतें लिहावें. चिनी वृत्तपत्रें परकीयांचीं नांवें ठराविक अक्षरांनीं लिहितात. 'पाटील' हें 'पा-ति-अर' असें होतें. कोश उघडून पाहिल्यास 'पा' म्हणजे रुमाल, 'ति' म्हणजे फळाचें देंठ आणि 'अर' म्हणजे तूं. परंतु हीं तीन अक्षरें एकत्र दिसलीं कीं चिनी कारकुनाला तें परकीय नांव आहे हें तात्काळ कळतें. रुमाल आणि देंठ त्याच्या ध्यानींही येत नाहीं. तो "पाटील आले आहेत काय?" एवढेंच विचारतो.