वाहनाचे पडिलेहण

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास पूर्ण होतो आणि साधू-साध्वींचे विहार सुरू होतात. शिरूरची घोडनदी ओलांडून नारायणगव्हाण, वाडेगव्हाण, सुपा, कामरगाव, केडगाव असा मार्ग क्रमीत श्वेतवस्त्रधारी संघ नगरच्या आनंदधामकडे येताना दिसू लागतात. नेमक्या त्याच दिवसांत साखर कारखान्यांचा हंगामही सुरू झालेला असतो. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, ज्यांच्या मागे पुष्कळदा एकही दिवा नसतो, त्याच रस्त्यावर उतरतात. सुपा औद्योगिक वसाहतीतील कंटेनर आणि कामगारांच्या बसगाड्या तर बाराही महिने असतात. आणि या सर्वांच्या मधून, पहाटेच्या अंधुक उजेडात, दुकानाचे शटर उघडण्यापूर्वी नगरच्या बाजारातून माल बघून यावा म्हणून मोटारसायकलीवर निघालेला आपल्याच घरातला मुलगा.

रस्त्याच्या कडेने पायी चालणारी साध्वी आणि त्या कडेला दाबली गेलेली मोटारसायकल यांची गाठ पडू नये, एवढीच अपेक्षा असते. विहारातील अपघातांच्या वार्ता समाजाने अनेकदा ऐकल्या आहेत. त्या वेळी चर्चा होते ती ट्रकचालकांची. आपल्या अंगणात उभ्या असलेल्या वाहनाचा ब्रेक कितपत लागतो, याची चौकशी मात्र क्वचितच होते.

ईर्यासमितीचे पालन करणारा साधू पुढची साधारण चार हात भूमी पाहत चालतो. त्याची गतीच अशी असते की तेवढ्या अंतरात दिसलेला जीव पायाखाली येण्यापूर्वी पाऊल थांबते. दृष्टी आणि गती यांचे हे गणित वाहनाला लावून पाहिले तर काय दिसते? ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते. समोर काही दिसले, मेंदूने ते ओळखले आणि हात ब्रेकवर गेला, यातच हा एक सेकंद संपतो. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर, उत्तम टायर आणि उत्तम ब्रेक असताना, गाडी थांबायला आणखी 23 ते 24 मीटर लागतात. एकूण 40 मीटर. वेग 40 वर आणला तर हेच अंतर 21-22 मीटर होते. याचा अर्थ असा की साठच्या वेगाने जाणाऱ्या श्रावकाची चार हातांची दृष्टी चाळीस मीटरपर्यंत लांबली पाहिजे. आणि दिव्याचा उजेड तितका पोहोचत नसेल तर वेग उजेडाइतकाच ठेवला पाहिजे. ब्रेकची पकड निम्मी झाली असेल, तर थांबण्याचे अंतर साठ मीटरांच्या पुढे जाते. झिजलेले लायनर दिसत नाहीत, त्यांचा आवाजही पुष्कळदा येत नाही, आणि रोजच्या सवयीने पाय आपोआप थोडा अधिक दाबू लागतो. म्हणून ब्रेक हळूहळू जात असल्याचे ज्याला सर्वांत उशिरा कळते, तो त्या गाडीचा रोजचा चालकच असतो.

साधुजीवनात यावर योजलेला उपाय घरोघरी ठाऊक आहे. वस्त्र, पात्र, ओघा यांचे पडिलेहण दिवसातून दोनदा होते. वस्तू कालच पाहिली होती, म्हणून आज पाहायची नाही, असे तेथे चालत नाही. प्रत्येक घडी उलगडून, प्रत्येक बाजू फिरवून पाहावी लागते. वाहन हे परिग्रहातले आणि आरंभ-समारंभाचे साधन. त्याची तुलना संयमाच्या उपकरणांशी होऊ शकत नाही, हे खरेच. परंतु ज्या साधनाने पंचेंद्रिय जीवाची हानी होऊ शकते, ते न पाहता रस्त्यावर काढणे हा प्रमाद ठरतो. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालणारे आणि कुंकू लावणारे हात त्याच वेळी टायरवरून फिरले, तर निम्मे काम तेथेच होईल.

हे हातकाम आपल्या समाजाला नवखे नाही. कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना 1972 मध्ये आली. तिचे कर्ते हस्तीमल फिरोदिया हे नगरच्याच घराण्यातले, कुंदनमल फिरोदियांचे चिरंजीव. लुनाचा कारखानाही नगरचाच. पन्नास सी.सी.चे ते छोटे वाहन पायडलनेही चालत असे. पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागे, प्लगवर काजळी धरे आणि गाडी वाटेतच बंद पडे. मग गल्ल्याजवळ ठेवलेला पाना निघे, प्लग काढून घासला जाई आणि दुकानदार पुन्हा मार्गस्थ होई. त्या पिढीतील कितीतरी काका-मामांना प्लग, क्लच वायर आणि ब्रेकची दांडी हाताळता येत असे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 मानक आले, कार्ब्युरेटरची जागा इंधन इंजेक्शनने घेतली आणि ‘आता घरी करण्याजोगे काही उरलेच नाही’ असा समज पसरला. तो बरोबर नाही. इंजिनाचे पोट बंद झाले आहे, एवढेच. टायर, ब्रेक, साखळी, दिवे, म्हणजे ज्यांवर प्राण अवलंबून असतात ती अंगे, आजही उघडीच आहेत. 2024 मध्ये बॅटरीवर चालणारी ई-लुना आली. तिलाही टायर आणि ब्रेक आहेतच.

टायरपासून आरंभ करावा. हवेचा दाब गाडी थंड असताना, निघण्यापूर्वीच पाहायचा. साखळीच्या आवरणावर किंवा जवळपास लावलेल्या पट्टीवर मागच्या चाकाचे दोन आकडे असतात, एक एकट्यासाठी आणि एक दोघांसाठी. मागे कापडाचा गठ्ठा किंवा किराण्याचे पोते बांधणाऱ्याने दुसरा आकडा धरावा. टायरच्या कडेला छोटा त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरे असतात. त्यांच्या रेषेत खाचेच्या तळाशी एक उंचवटा असतो. नक्षी त्या उंचवट्याला टेकली की टायरचे आयुष्य संपले. तो ‘दिवाळीपर्यंत चालेल’ असा हिशेब व्यापारात शोभतो, येथे नाही.

मालाच्या ओझ्याचा आणखी एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. मागे भार पडला की गाडीचे तोंड वर होते आणि दिव्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आपल्या पुढचा रस्ता मात्र काळोखात राहतो. रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून, मागे घरातल्या कोणाला तरी बसवून, डिपरचा झोत कोठे पडतो ते एकदा पाहावे. दिव्याची काच ओल्या फडक्याने पुसणे हे तर लहान मुलाचे काम आहे. मागचा लाल दिवा दोन्ही ब्रेकांनी लागतो की नाही, हे भिंतीवरच्या तांबड्या उजेडावरून एकट्यालाही पाहता येते.

मागच्या ड्रम ब्रेकच्या बाहेरच्या दांड्यावर एक बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो बाण ड्रमच्या झाकणावरील खुणेला पोहोचला, तर लायनर बदलण्याची वेळ झाली. नट आवळून केवळ पायडल वर आणल्याने लायनर नवे होत नाहीत. पुढचा ब्रेक डिस्कचा असेल तर हँडलजवळच्या छोट्या डबीच्या काचेतून तेलाची पातळी पाहावी. ती खाली गेली असल्यास पॅड झिजले असतील किंवा गळती असेल. वरून तेल ओतून समाधान मानू नये. डिस्कचे आतले काम, एबीएस आणि चाकाचे बेअरिंग ही कामे जाणत्या मेकॅनिककडेच द्यावीत. आपण काय करायचे नाही, हे ओळखण्याचाही यतनेत समावेश होतो.

साखळीचे काम घरी सहज होते, आणि त्यातच बोटेही जातात. इंजिन चालू ठेवून, गाडी गिअरमध्ये टाकून, फिरत्या साखळीला फडके लावण्याची खोड पुष्कळांना असते. फडक्याचा एक धागा दात्यांत अडकला की बोटे स्प्रॉकेट आणि साखळी यांच्यामध्ये ओढली जातात. इंजिन बंद, किल्ली खिशात, गाडी मेनस्टँडवर आणि न्यूट्रलमध्ये. चाक हाताने, सावकाश फिरवायचे. खालच्या बाजूला मधोमध साखळी वर-खाली हलवून पाहावी. नेहमीच्या वापरातील बहुतेक गाड्यांत 25 ते 30 मिलिमीटर ढील चालते. गाडीच्या पुस्तिकेतला आकडा प्रमाण मानावा. चाक फिरवून चार-पाच ठिकाणी मोजावे, कारण साखळी सर्वत्र सारखी झिजत नाही. ताणायची झाल्यास दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्यात, नाहीतर चाक तिरके बसते. पुष्कळजण येथेच थांबतात आणि चूक होते. चाक मागे सरकले की ब्रेकची दांडीही ताणली जाते. लायनर ड्रमला घासत राहतात आणि तापतात. म्हणून साखळीनंतर पायडलची ढील पुन्हा जुळवायची, ॲक्सलचा नट घट्ट झाल्याची खात्री करायची, आणि ब्रेकच्या प्लेटला धरून ठेवणाऱ्या पट्टीची स्प्लिट पिन जागेवर आहे ना, ते पाहायचे. मग अंगणातच, चालण्याच्या वेगाने, दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून पाहायचे. महामार्ग ही ब्रेक तपासण्याची जागा नव्हे.

साडी नेसून मागे एका बाजूस बसणाऱ्या आई-काकू ज्या घरात आहेत, त्या घरातील गाडीचे साडीगार्ड आणि साखळीचे आवरण काढून ठेवू नये. शोभेसाठी ते काढले जाते आणि पदर चाकात जातो.

या सर्वाला आठवड्यातून एका सामायिकाइतका वेळ, म्हणजे 48 मिनिटे, पुरून उरतात. रोजमेळाची सवय असलेल्या घराला एक छोटी वही अवघड नाही: तारीख, किलोमीटर, काय पाहिले, काय बदलले.

हेल्मेटविषयी नव्याने सांगण्यासारखे थोडेच आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या वर्षी देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली. हेल्मेट नसलेले दुचाकीवरील मृत त्यांत 50,029 होते, आणि त्यांतले 14,337 मागे बसलेले होते. मागच्याला हेल्मेट न देता स्वतः घालणारा मुलगा घरोघरी दिसतो, म्हणून हा शेवटचा आकडा महत्त्वाचा. शिकवणीला जायला गाडी हवी म्हणून हट्ट धरणाऱ्या अल्पवयीन मुलाच्या पालकांना 2019 च्या दुरुस्तीनंतर 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. त्याच दुरुस्तीने जखमीला मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. रुग्णवाहिकेसाठी 108. ‘पोलिसांचे झेंगट नको’ म्हणून पुढे निघून जाण्याचे कारण आता उरलेले नाही.

इंजिनाचे काढलेले काळे तेल गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतले जाते. आळ्यातील मुंग्या-गांडुळांचा विचार तेव्हा सुचत नाही. ते डब्यात भरून गॅरेजमध्ये जुन्या तेलाच्या पिंपात द्यावे. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीची सीट आणि बाजूची झाकणे उघडून, आत कोळी-मुंग्यांनी घर केले असल्यास मऊ कुंचल्याने त्यांना अलगद बाजूला करावे आणि मगच इंजिन सुरू करावे.

सुप्याच्या पुढे माळावर, कवड्या डोंगरावरच्या पवनचक्क्या ज्या वाऱ्यावर फिरतात, तोच वारा दुचाकीला आडवा ढकलतो. कंटेनर शेजारून गेला की क्षणभर वारा अडतो आणि लगेच दुप्पट जोराने लागतो. अशा ठिकाणी रस्त्याच्या कडेला पांढरी वस्त्रे दिसली, तर दिवा डिपरवर घ्यावा, वेग चाळिसाच्या खाली आणावा आणि मागून हॉर्न देऊ नये. हॉर्नने दचकलेले पाऊल कोणत्या बाजूला पडेल, ते सांगता येत नाही. पुढे जाताना शक्य तितके अंतर सोडावे. आणि मागून वाहन येत असल्याने अंतर सोडता येत नसेल, तर ते वाहन जाईपर्यंत मागेच थांबावे.