बिनखर्चाची मागणी

प्रति,
मा. प्रशांत ठाकूर,
आमदार, पनवेल विधानसभा मतदारसंघ



२०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेने निवडून आलेल्या आमदारांच्या प्रतिज्ञापत्रांवरून संपत्तीची यादी काढली. पहिले नाव घाटकोपर पूर्वच्या पराग शाह यांचे होते, ३,३८३ कोटी. दुसरे आपले, सुमारे ४७५ कोटी. ज्यांची जमीन सिडको या सरकारी महामंडळाने घेतली, ज्यांची घरे नवी मुंबई विमानतळासाठी उठली आणि ज्यांची ‘गरजेपोटी’ बांधलेली घरे कागदावर अजून बेकायदाच राहिली, त्या प्रकल्पग्रस्तांच्या व्यासपीठावरही आपण आणि आपले वडील, माजी खासदार रामशेठ ठाकूर, गेली कित्येक वर्षे पुढच्या रांगेत आहात. संपत्तीच्या यादीत वरून दुसरा असलेला माणूस विषमतेने नाडलेल्यांचे नेतृत्व करतो तेव्हा त्याला दोन ठरलेली उत्तरे मिळतात. विरोधक ‘ढोंग’ म्हणतात, समर्थक ‘मोठे मन’ म्हणतात. मला दोन्ही उत्तरे आळशी वाटतात. आपली संपत्ती गैरमार्गाने आली असा माझा आरोप नाही, तसा कोणताही पुरावा माझ्याकडे नाही, आणि या पत्राला त्याची गरजही नाही. मला विचारायचे आहे ते एवढेच की, नेत्याच्या श्रीमंतीने चळवळीची मागणी बदलते का?

‘ढोंग’ हा आक्षेप आधी बाजूला ठेवतो, कारण तो टिकत नाही. मागणी न्याय्य आहे की नाही हे मागणाऱ्याच्या बँकखात्यावरून ठरत नसते. आपल्याच तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गावरच्या तारा गावी, १९६१ मध्ये स्थापन झालेले युसूफ मेहेरअली सेंटर उभे आहे. ज्यांच्या नावाने ते आहे ते मेहेरअली मुंबईतल्या सधन व्यापारी घराण्यातले. ‘सायमन गो बॅक’ आणि ‘क्विट इंडिया’ या घोषणा त्यांच्या नावावर आहेत, आणि शेतकरी-कामगारांच्या संघटनेत त्यांनी आयुष्य वेचले. गोदावरी परुळेकर पुण्यातल्या नामवंत वकिलाच्या कन्या. १९४५ मध्ये तलासरी-डहाणूच्या वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभे करताना त्यांच्या सुखवस्तू माहेराचा कोणाला अडथळा झाला नाही. उलट शिक्षण आणि कायद्याची जाण ही त्या घराकडून मिळालेली शिदोरी वारल्यांच्या कामी आली. म्हणजे वरच्या थरातून आलेला माणूस खालच्या थराचे भांडण लढू शकतो, हा महाराष्ट्राचा जुना अनुभव आहे. पण ज्या जमीनदार-सावकारांशी वारल्यांचे भांडण होते, त्यांच्याशी गोदावरीबाईंचा कसलाही व्यवहार गुंतलेला नव्हता. मागणी मान्य झाली की कोणाचे नुकसान होणार हे ठरवताना त्यांना स्वतःच्या घराकडे पाहावे लागत नव्हते.

ही कसोटी बाहेरच्या जगातही लागू पडते. २०११ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कमध्ये ‘ऑक्युपाय वॉल स्ट्रीट’ सुरू झाले. महिन्याभरात रॅपर कान्ये वेस्ट तिथे जाऊन आला. छायाचित्रे निघाली, गळ्यातल्या सोन्याच्या साखळीची चर्चा झाली, आणि त्याने काहीच मागितले नसल्यामुळे विषय तिथेच संपला. त्याच्या थोडे आधी, ऑगस्टमध्ये, वॉरन बफे यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून सांगितले होते की आपण उत्पन्नाच्या जेमतेम १७.४ टक्के कर भरतो आणि आपल्या कार्यालयातले कर्मचारी त्याच्या दुपटीच्या घरात भरतात, तेव्हा आमच्यासारख्यांवरचा कर वाढवा. बफे वेस्टपेक्षा कैक पटींनी श्रीमंत, तरी त्यांचा पाठिंबा अधिक खरा होता. त्यांनी मागितले त्याची किंमत त्यांच्याच खिशातून जाणार होती आणि तो आकडा त्यांनी स्वतः छापला होता. तेव्हा श्रीमंताचा पाठिंबा तपासताना त्याची मागणी मान्य झाली तर बिल कोणाकडे जाणार, हे पाहिले की पुरते.

आता पनवेल-उरणकडे येतो. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले. शेतकऱ्यांना मिळणारा मोबदला आणि त्याच जमिनीची उद्याची किंमत यांतली दरी इथले नेते दि. बा. पाटील, म्हणजेच दिबा, यांनी ओळखली. जानेवारी १९८४ मध्ये, १६ आणि १७ तारखेला, दास्तान फाटा आणि नवघर परिसरात आंदोलक शेतकऱ्यांवर पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. दिबांची मागणी सरळ सरकारी तिजोरीला आणि सिडकोच्या नफ्याला हात घालणारी होती, म्हणून तर तिच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. तरीही त्या योजनेचा हिशेब जवळून पाहावा. एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के, म्हणजे दीड गुंठा, वजा. हाती उरतात साडेतीन गुंठे, तेही पात्रता ठरून, इरादापत्र निघून, वारसांच्या सह्या जुळल्यावर. आणि हा सगळा हिशेब ज्याच्या नावावर सातबारा होता त्याचा. ज्याची मिठागरावरची मजुरी गेली, ज्याची खाडीतली मासेमारी बुजली, जो कातकरी दुसऱ्याच्या बांधावर राबत होता, त्याच्या नुकसानीला या सूत्रात टक्केवारीच नाही. म्हणजे दिबांच्या लढ्यातही खालचा थर सुटलाच होता. त्यांचे काम पुढे न्यायचे तर ते तिथून न्यायला हवे होते.

पुढे काय झाले? १,१६० हेक्टरवर विमानतळ आला, दहा गावे उठली, त्यांना साडेबावीस टक्क्यांचे पॅकेज मिळाले. आणि २०२१ मध्ये या भागातले गेल्या काही दशकांतले सर्वांत मोठे आंदोलन उभे राहिले ते नावासाठी. विमानतळाला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देण्याच्या हालचाली सुरू होताच १० जूनला मानवी साखळी झाली आणि २४ जूनला, दिबांच्या पुण्यतिथीला, सिडको भवनावर हजारो लोक गेले. वर्षभरात सरकारची भूमिका फिरली, ऑगस्ट २०२२ मध्ये विधिमंडळाने ठराव केला, आणि तरीही ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झाले तेव्हा दिबांचे नाव अधिकृतपणे लागलेले नव्हते. त्या नावाबद्दल माझा वाद नाही. पाच वेळा आमदार, दोनदा खासदार राहिलेल्या आणि या मातीसाठी लाठ्या खाल्लेल्या माणसाचे नाव तिथे असलेच पाहिजे. पण ते आंदोलन ‘सर्वपक्षीय’ का होऊ शकले? आगरी-कोळी समाजाची दिबांवरची माया हे एक कारण. दुसरे असे की ती मागणी मान्य झाल्याने व्यासपीठावरच्या कोणाचेही काही जाणार नव्हते. ना कंत्राटदाराचे, ना बिल्डरचे, ना सिडकोचे. जिला खर्च नाही अशी मागणी सर्वांना एकत्र आणते, आणि नेतृत्व जितके श्रीमंत तितकी अशीच मागणी वर येण्याची शक्यता जास्त. त्यामागे कोणाचा कट असावा लागत नाही. व्यासपीठावर कोण बसले आहे त्यावरून काय बोलायचे नाही ते आपोआप ठरते.

यावर आपण म्हणाल की त्याच व्यासपीठावरून गरजेपोटीच्या घरांचा, रखडलेल्या भूखंडांचा, नोकऱ्यांचा प्रश्नही मांडला गेला. खरे आहे. मागण्यांच्या यादीत ते होते, पण साखळी नावासाठी धरली गेली. आपण असेही म्हणाल की खारघर टोलच्या प्रश्नावर २०१४ मध्ये मी काँग्रेस सोडली, ही किंमत नव्हे काय? त्या वेळी आपण पक्ष पणाला लावलात हे मान्य. मात्र त्याच वर्षी आपण भाजपचे आमदार म्हणून विधानसभेत परतलात, आणि टोलची झळ प्रथम बसते ती ज्याच्या दारात गाडी आहे त्याला. पनवेल स्टेशनबाहेर सहाआसनी रिक्षाची वाट पाहणाऱ्या बाईपर्यंत ती पोचते, पण फिरून. नोकऱ्यांच्या मागणीचेही हेच होते. ‘भूमिपुत्रांना कामे द्या’ ही घोषणा एकच, पण तिच्या पोटात दोन मागण्या आहेत. एक आहे भरावाचा, डंपरचा, पोकलेनचा, मजूर पुरवण्याचा ठेका स्थानिकाला मिळावा ही. दुसरी आहे त्या डंपरवर जो क्लीनर आहे, विमानतळावर जो झाडू मारतो आणि ट्रॉल्या ढकलतो, त्याला कायम कामगाराइतके वेतन मिळावे ही. पहिली ज्याच्याकडे भांडवल आहे त्याच्याच उपयोगाची. दुसरीचे बिल पहिलीच्या लाभार्थ्याकडे जाते. दोघेही भूमिपुत्र, एकाच गावचे, कदाचित एकाच भावकीतले. आणि पहिली मागणी नेहमी दुसरीच्या पुढे चालते.

एक आक्षेप अधिक गंभीर आहे. चळवळीला पैसा लागतो. बसगाड्या, मंडप, वकील, कोर्टाच्या तारखा फुकट येत नाहीत, आणि तो खर्च उचलणारे असल्याशिवाय गरिबाचा आवाज मंत्रालयापर्यंत पोचत नाही. शिवाय आपल्या घराण्याचे दातृत्व सर्वांना माहीत आहे. रामशेठ स्वतः गरिबीतून, कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेत शिकून वर आले आणि त्या संस्थेला त्यांनी मोठ्या देणग्या दिल्या. याची थट्टा करणे कोतेपणाचे ठरेल. पण देणगी कोणाला, किती आणि केव्हा हे देणारा ठरवतो, हक्काचे प्रमाण मात्र घेणाऱ्याच्या नुकसानीवरून ठरते. याच जिल्ह्यात १९३३ पासून जवळपास सहा वर्षे चरी परिसरातल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला. त्या संपाचा खर्च संपकऱ्यांनी उपाशी राहून भागवला, आणि म्हणूनच त्याची मागणी खोतीलाच हात घालणारी राहिली. लोकांनी आज पुन्हा उपाशी राहावे असे मी म्हणत नाही. खर्च करणारा आणि मागणी ठरवणारा एकच असू नये, इतके मात्र म्हणतो.

राहिला शेवटचा मुद्दा: लोकांनी चार वेळा निवडून दिले, संपत्ती प्रतिज्ञापत्रात जाहीर आहे, आणखी काय हवे? जाहीर आहे ते चांगलेच. पण उमेदवार भरतो तो नमुना २६ नीट वाचावा. जंगम, स्थावर आणि कर्जाच्या रकान्यांखेरीज २०१८ पासून त्यात सरकारशी असलेल्या कंत्राटांचाही तपशील मागितला जातो. तो उमेदवार, पती-पत्नी, अवलंबित, एकत्र कुटुंब आणि त्यांचा वाटा असलेल्या भागीदारी व खासगी कंपन्या यांच्यापुरता. स्वतंत्रपणे कमावणारे सज्ञान वडील किंवा भाऊ त्यात येत नाहीत. कायदा तिथे थांबतो, आणि हे प्रत्येक पक्षाच्या प्रत्येक उमेदवाराबाबत खरे आहे. पण बांधकाम आणि कंत्राटदारी हा ज्या घराण्याचा सर्वश्रुत व्यवसाय आहे, ज्यातले आपण स्वतः २०१८ मध्ये सिडकोचे अध्यक्ष झालात आणि जे सिडकोविरुद्धच्या मोर्चाच्या अग्रभागीही असते, त्या घराण्याने कायद्याच्या एक पाऊल पुढे जायला हवे. आपण टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेले आहात. प्रकल्पग्रस्ताला कधी एकही खुर्ची मिळालेली नाही.

म्हणून दोनच विनंत्या करतो. सिडको, पनवेल महानगरपालिका आणि विमानतळ प्रकल्प यांच्याशी आपल्या विस्तारित कुटुंबाच्या सर्व कंपन्यांची आजवरची कंत्राटे एका कागदावर आपण होऊन प्रसिद्ध करा. आणि विमानतळावरच्या कंत्राटी कामगाराला समान कामाचे समान वेतन मिळावे, ही मागणी विधानसभेत आपल्या नावाने मांडा. तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्यांसाठी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या जगजित सिंग निकालात मान्य केले आहेच. ज्या विमानतळ कंपनीत अदानी समूहाचा ७४ आणि सिडकोचा २६ टक्के वाटा आहे, तिथे ते लागू करायला नवे तत्त्वज्ञान लागत नाही. लागतो तो खर्च, आणि तो कंत्राटदार वर्गाला सोसावा लागेल. आपण मांडलीत तर ती मागणी कोणा विरोधकाने मांडण्यापेक्षा शंभरपट वजनाची ठरेल, कारण ४७५ कोटींचा माणूस आपल्याच वर्गाकडे बोट दाखवतो आहे हे सगळे पाहतील.

२४ जूनला दिबांची पुण्यतिथी येते. त्या दिवशी हार घालायला आपण जासईला किंवा पनवेलला जालच. जाताना कंत्राटांचा तो कागद आणि वेतनाच्या मागणीची प्रत सोबत न्यावी. ज्या दिवशी हे दोन्ही कागद लोकांसमोर ठेवले जातील, त्या दिवसापासून आपल्या श्रीमंतीचा प्रश्न पनवेलमध्ये कोणी काढणार नाही. मीही नाही.

आपला,
एक पनवेलकर मतदार