चुकांची वही



गेल्या आठवड्यात शाळा सुटल्यावर मी वर्गात वह्या तपासत बसले होते. दारात पाहते तर कोण? चौथीला माझ्या वर्गात असलेली दोन वेण्यांची मुलगी! आता दहावीत आहे. सोबत तिचे बाबा आणि बाबांच्या हातात पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका.

"बाई, हिला जरा समजवा," बाबा म्हणाले. "बीजगणितात ४० पैकी ३६ आहेत आणि ही म्हणते, मला कॉमर्सला जायचंय! एवढे मार्क वाया घालवायचे का?"

मुलगी खाली मान घालून उभी. मी म्हटलं, "आधी पेपर तर पाहू या."

पेपर छान होता. पुस्तकातली उदाहरणं अचूक, अक्षर मोत्यासारखं. गेलेले चारही गुण एकाच शाब्दिक उदाहरणाचे. तिथे पान कोरं! "हे का सोडलंस गं?" मी विचारलं. ती हळूच म्हणाली, "बाई, ते पुस्तकात नव्हतं. बाकीची पाठ होती."

ऐकलंत ना? ३६ गुण खरे, पण ते गणिताचे किती आणि पाठांतराचे किती, हे गुणपत्रिका सांगत नाही. ते सांगते उत्तरपत्रिका!

हे मला कसं ठाऊक? कारण मीही तेच केलं होतं. दहावीला चांगले मार्क पडले, मैत्रिणी सायन्सला गेल्या, म्हणून मीही गेले. अकरावीच्या पहिल्याच चाचणीत भौतिकशास्त्रात २५ पैकी ४! दोन वर्षं रडतखडत काढली, बारावी कशीबशी पास झाले. पुढे डी.एड.ला गेले, मुलांसमोर पहिला पाठ घेतला, तेव्हा कुठे कळलं की आपली जागा ही! सायन्स वाईट नव्हतं हं. मी माझ्या चुका कधी वाचल्याच नव्हत्या, एवढंच.

म्हणून दहावीच्या माझ्या दोस्तांनो, एक काम करा. एक जुनी वही घ्या आणि पूर्वपरीक्षेत जिथे जिथे गुण गेले, त्या सगळ्या चुका तीन रकान्यांत लिहा.

पहिला रकाना, "माहीतच नव्हतं." म्हणजे तो धडा राहिलाय. लाजू नका, सरांना किंवा बाईंना विचारा आणि समजून घ्या.

दुसरा रकाना, "माहीत होतं, पण आठवलं नाही." इथे तोच धडा दहादा वाचून फारसा उपयोग नाही. पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा आणि मग ताडून पाहा. तीन दिवसांनी पुन्हा आणि आठवड्याने पुन्हा.

तिसरा रकाना, "येत होतं, पण घाईत चुकलं." वजाचं चिन्ह विसरलं, एकक लिहायचं राहिलं, प्रश्न अर्धाच वाचला. त्यावर औषध एकच. घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवायचा. बीजगणिताच्या ४० गुणांना दोन तास मिळतात. शेवटची दहा मिनिटं तपासायला ठेवा.

परीक्षेपर्यंत ही वही तुमचा अभ्यास घेईल. परीक्षा झाली की तीच वही दुसरं काम करील. कोणत्या विषयातल्या चुका तुम्ही कुणी न सांगता दुरुस्त केल्यात? कोणत्या विषयाचं पान उघडायचाही कंटाळा आला? मार्कांपेक्षा ही खूण जास्त खरी!

आता आईबाबांशी दोन शब्द. "सायन्स घेतलं की सगळे रस्ते खुले," असं आपण म्हणतो. त्यात तथ्य आहे. डॉक्टर व्हायचं तर भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागतंच. इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेला गणित लागतं. बारावीनंतर सायन्सकडून कला-वाणिज्याकडे येता येतं, उलट जाणं फार अवघड. म्हणून ज्याला ही वाट मनापासून हवी आहे, त्याने ती आधीच धरावी.

पण सी.ए.ची पहिली परीक्षा कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्याला देता येते. बारावीनंतरचा कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रमही तसाच. दहावीनंतर तंत्रनिकेतनची तीन वर्षांची पदविका घेऊन इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. हाताने काम करायची आवड असलेल्यासाठी आयटीआय आहे. रस्ता एकच नाही!

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत. फॉर्म भरताना शाखा आणि कॉलेजांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. तो फॉर्म सायबर कॅफेत घाईने भरू नका. आधी घरी कागदावर लिहा आणि मुलाला शेजारी बसवूनच लिहा.

त्या मुलीचं काय झालं, विचारताय? जाता जाता मी सहज विचारलं, "दुकानाची उधारीची वही कोण लिहितं हो?" बाबा म्हणाले, "हीच की! सातवीपासून. एका पैशाची चूक नसते." आणि बोलता बोलता स्वतःच थांबले.

मी निर्णय दिला नाही. तो माझा नाहीच. मुलीला पुस्तकाबाहेरची पाच शाब्दिक उदाहरणं दिली आणि म्हटलं, "चुकलीस तरी चालेल, पण स्वतः सोडव. मग आवडलं की नाही, ते बाबांना सांग." बाबांना म्हटलं, "आणि तुम्ही ते ऐका."

येत्या शनिवारी दोघं पुन्हा येणार आहेत. तोवर तुमची वही किती भरली, ते मला नक्की कळवा हं!

तुमच्या,
बाई