सहरीचा तक्ता ऐकूही यावा

रमजान लागला की सहरी-इफ्तारच्या वेळांचा तक्ता मोबाईलवर फिरू लागतो. कडेला चंद्रकोर, वर मशिदीचे चित्र, खाली दुकानदारांच्या जाहिराती. दिसणाऱ्यांना छानच. पण अंध रोजेदाराच्या फोनला त्यात वाचण्यासारखे काही सापडत नाही. तो ‘फोटो’ एवढेच बोलून गप्प बसतो.

गुळगुळीत काचेचा फोन अंध माणूस वापरतो तरी कसा, असे अनेकांना वाटते. जुन्या फोनवर ५ च्या बटणावर बारीक उंचवटा असे, त्यावरून बाकीची बटणे कळत. काचेवर काय करणार? याचे उत्तर शोधणाऱ्यांत पुण्यात जन्मलेले टी. व्ही. रामन होते. वयाच्या १४ व्या वर्षी दृष्टी गेलेले रामन पुढे गुगलमध्ये संशोधक झाले. त्यांची नि सहकाऱ्यांची युक्ती साधी होती : बोट जिथे टेकेल तिथेच ५ मानायचा. वर सरकवले की २, उजवीकडे ६. बटण शोधायलाच नको. २००९ मध्ये आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आले. आता बोट फिरेल तिथले नाव फोन बोलतो, दोनदा टिचकी मारली की ते उघडते. बहुतेकांच्या फोनच्या सेटिंगमध्ये ही सोय फुकट पडून आहे. (चालू करून पाहा, मात्र बंद करायलाही दोनदाच टिचकी लागते!)

म्हणजे काच कधीच बोलकी झाली. अडते ते आपल्या पाठवण्यात आणि अॅप बनवणाऱ्यांच्या आळसात. बटणाला नाव दिलेले नसले की फोन नुसता ‘बटण, बटण’ म्हणतो. ते ‘पैसे पाठवा’ की ‘रद्द करा’? ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. अॅपवाल्यांना ते सांगायला कोर्ट आहे. गावातल्या ग्रुपला कोण सांगणार?

रात्री १० ते सकाळी ६ भोंग्यांना बंदी आहे, आणि ती पाळलीच पाहिजे. त्यामुळे पहाटेची अजान लांबच्या घरापर्यंत पोचत नाही. मग एकट्या राहणाऱ्या अंध माणसाने सहरी संपल्याचे कुणाला विचारायचे? पैगंबरांच्या काळी मदिनेत सहरी थांबायची ती इब्ने उम्मे मकतूम यांच्या अजानने. ते अंध होते. पहाट झाल्याचे लोक त्यांना तोंडी सांगत, मग ते अजान देत.

तेवढेच आजही करायचे आहे. तक्त्याचा फोटो खुशाल पाठवा, पण खाली दोन ओळी टाइप करा : उद्याची सहरी इतक्या वाजेपर्यंत, इफ्तार इतक्या वाजता. पाणी कधी येणार, मंडळाची बैठक कुठे, दहावा-तेरावा कधी, या निरोपांचेही तेच. रात्री तरावीहची नमाज आटोपून घरी जाताना दुसऱ्या दिवशीच्या वेळा टाकल्या, तरी पुरे.