मानेतला क्षय आणि आपली लांबून केलेली घाई



"आईची मान दुखतेय, खोकला वगैरे काही नाही," असा फोन भारतातून आला तर क्षयाची शंका कुणालाच येत नाही. क्षय म्हणजे खोकला, रक्त आणि झोपडपट्टी, हे आपण सुशिक्षितांनीही गृहीत धरलेलं आहे. पण हा जंतू रक्तावाटे मणक्यातही जातो. मानेचे सर्वांत वरचे दोन मणके, ज्यांच्यावर डोकं तोललेलं असतं, त्यात क्वचितच सापडतात. मणक्याच्या क्षयाच्या शंभर रुग्णांत जेमतेम एखादा. म्हणूनच निदानाला उशीर होतो. मान आखडते, एका बाजूला कलते, घशामागे पू साठला तर गिळताना त्रास होतो. सुरुवातीच्या एक्स-रेत बहुधा काही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. तोवर 'स्पॉन्डिलायटिस' म्हणून शेक, मालिश आणि (सर्वांत वाईट) मान मोडून घेणं चालू असतं. हाड पोखरलेलं असताना बसलेला एक हिसका हातपाय लुळे करू शकतो, जीवही घेऊ शकतो.

निदान झालं की आपली पाळी येते. "पैशाची काळजी करू नका, ऑपरेशन करून टाका," असं आपण इथून सांगतो. मला हे पटत नाही. पाठीच्या आणि कमरेच्या मणक्यांच्या क्षयावर ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने कोरिया, हाँगकाँग, मद्रास इथे केलेल्या चाचण्यांत बहुतेक रुग्ण नुसत्या गोळ्यांनी बरे झाले. वाराणसीच्या डॉ. तुली यांनी १९७५ साली 'मध्यम मार्ग' मांडला: आधी औषध, गरज पडली तरच सुरी. वरच्या मानेला हा नियम जसाच्या तसा लावता येत नाही, कारण तिथे सांधा निसटण्याचं भय मोठं. तरीही सांधा जागेवर असेल आणि हातापायांत ताकद असेल, तर गोळ्या आणि ताठ कॉलर यांवर अनेक जण बरे होतात. सांधा निसटला किंवा मज्जारज्जूवर दाब वाढत चालला, तर मात्र थांबू नये. त्यासाठी लागणारं स्क्रू-प्लेटचं तंत्र मुंबईच्या केईएममधल्या डॉ. अतुल गोयल यांनी १९९४ मध्ये मांडलं आणि आज ते जगभर वापरलं जातं.

म्हणजे फोनवर विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. पू किंवा हाडाचा तुकडा तपासणीला गेला का? जंतू रिफॅम्पिसिनला दाद देतो का? सहा महिन्यांनी दुखणं थांबलं की गोळ्या बंद तर नाही केल्या? हाडाच्या क्षयासाठी भारताच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना किमान १२ महिने सांगतात. त्या गोळ्या सरकारी यंत्रणेत फुकट मिळतात, पण तिथे नाव नोंदवायला मध्यमवर्गाला लाज वाटते. "कुणाला सांगू नकोस, धाकटीचं लग्न व्हायचंय," हे वाक्य आजही ऐकू येतं, आणि आपण गप्प राहून त्याला दुजोरा देतो.

आपण स्वतःही यातून सुटलेलो नाही. ब्रिटनच्या दीर्घ व्हिसासाठी होते ती तपासणी छातीच्या एक्स-रेची; मानेतला क्षय त्यात दिसत नाही, आणि सुप्त जंतू कित्येक वर्षांनीही जागा होऊ शकतो. इथल्या डॉक्टरला तो पटकन सुचेलच असं नाही. हट्टी मानदुखी, रात्रीचा घाम, उतरणारं वजन असेल तर "मी भारतात वाढलो, क्षयाची तपासणी करा," असं आपणच म्हणावं. भेटीला आलेल्या आईवडिलांनाही ब्रिटनमध्ये क्षयाचे उपचार एनएचएसकडून मोफत मिळतात. व्हिसा कोणता, हा प्रश्न त्यात येत नाही.