बँकेचीच वेलांटी चुकते तेव्हा

आधार कार्डावर ‘सुनील’, पॅन कार्डावर ‘सुनिल’ आणि सातबाऱ्यावर नुसतेच ‘सु. ग. पाटील’ असले, की बँकेच्या काउंटरपलीकडून हुकूम सुटतो : तिन्ही व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र आणा. मग स्टॅम्पपेपर, नोटरी आणि बँकेचे साहेब फारच कर्तव्यदक्ष असतील तर थेट राजपत्र. चूक कुठल्या तरी कारकुनाची, हेलपाटे नावाच्या धन्याला. ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की, कर्जदाराचे नाव चुकीचे लिहिले म्हणून खुद्द बँकेलाच दंड बसतो, हे कुणी सांगितले तर खरे वाटणार नाही. अमेरिकेत मात्र तो बसतो आणि तोही भरभक्कम : तारणावरचा हक्कच हातचा जातो.

तिथल्या ‘युनिफॉर्म कमर्शियल कोड’चा नववा भाग हा जंगम तारणाचा कायदा. ट्रॅक्टर, यंत्रे, गोदामातला माल, गिऱ्हाइकांकडची येणी अशा तारणावर कर्ज देणाऱ्याने राज्याच्या नोंदणी कार्यालयात ‘फायनान्सिंग स्टेटमेंट’ नावाचा छोटासा फॉर्म दाखल करायचा. त्यात कर्जदाराचे नाव, कर्ज देणाऱ्याचे नाव आणि तारणाचे वर्णन असते. कर्जाचा करारही जोडावा लागत नाही. नोंद पाच वर्षे टिकते. त्याच मालावर पुढे कुणी कर्ज द्यायला निघाला, की त्याने कर्जदाराचे नाव टाकून नोंदवही चाळायची आणि आधीचा बोजा दिसला तर सावध व्हायचे. सारी नोंदवही कर्जदाराच्या नावाने लावलेली असल्यामुळे नाव चुकले तर नोंद असून नसल्यासारखी. कर्ज माफ होत नाही, हे खरे. पण कर्जदाराचे दिवाळे निघाले की दिवाळखोरीतला विश्वस्त नेमक्या अशाच चुका शोधत बसतो. चूक सापडली, की तारणाच्या भरवशावर निर्धास्त असलेली बँक विनातारण धनकोंच्या रांगेत जाऊन उभी राहते.

चुका तरी केवढ्या? जॉर्जियात २००३ मध्ये निकाल लागलेल्या खटल्यात ‘नेटवर्क’ या शब्दाच्या मधोमध एक मोकळी जागा पडली होती. युटामध्ये २००६ साली कंपनीच्या आद्याक्षरांमधले पूर्णविराम गेले आणि त्यांच्या जागी मोकळ्या जागा आल्या. कॅन्ससमध्ये ट्रॅक्टर विकणाऱ्याने एका शेतकऱ्याच्या पहिल्या नावातले ‘डी’ अक्षर गाळले. मागाहून त्याच ट्रॅक्टरवर कर्ज देणाऱ्या बँकेने नाव बरोबर लिहिले होते. विक्रेत्याची नोंद आधीची, बँकेची नंतरची; तरी २००६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पहिला मान बँकेला दिला. त्याच राज्यातल्या आणखी एका शेतकऱ्याचे नाव सगळ्यांच्या तोंडी असलेल्या लघुरूपात नोंदवले गेले, आणि शेती अवजारांच्या बड्या कंपनीने २००४ मध्ये तारण गमावले. गावभर माणूस ज्या नावाने ओळखला जातो, ते नाव नोंदवहीला ठाऊक नसते.

कायद्यात दयेला थोडी जागा आहे. बरोबर नाव टाकून, कार्यालयाच्या ठरलेल्या शोधपद्धतीने शोधल्यावर चुकीची नोंदही समोर आली, तर ती ‘गंभीर दिशाभूल’ मानली जात नाही. म्हणजे दया करायची की नाही, हे संगणकावर सोपवले आहे. फ्लोरिडात या दयेचीही पंचाईत झाली. ‘१९४४ बीच बुलेव्हार्ड, एलएलसी’ या कंपनीला लाइव्ह ओक बँकेने ३० लाख डॉलर दिले. नोंद करताना ‘बुलेव्हार्ड’ हा शब्द पत्त्यात आखडतात तसा ‘बीएलव्हीडी’ एवढाच लिहिला. कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिनेच बँकेच्या हक्काला आव्हान दिले. फ्लोरिडाच्या संकेतस्थळावर तेव्हा नाव टाकले की वर्णानुक्रमाने वीस नावांचे एक पान उघडत असे. मागे-पुढे जायला बटणे होती. वर्णानुक्रमात ‘बीओ’च्या आधी ‘बीएल’ येते, त्यामुळे बँकेची नोंद त्या पानावर नव्हती, आदल्या पानावर होती. एक बटण दाबायचे अंतर!

न्यायालयांचा मात्र घोळ झाला आणि प्रश्न फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाकडे आला. त्याने ऑगस्ट २०२२ मध्ये जे उत्तर दिले ते तर्काला धरून आहे आणि बँकांच्या पोटात गोळा आणणारेही. बटणे दाबत राहिले तर राज्यातली प्रत्येक नोंद कधी ना कधी दिसणारच. मग हा शोध कसला? ‘सापडले’ आणि ‘सापडले नाही’ यांत जो भेद करत नाही, त्याला ठरलेली शोधपद्धती म्हणता येणार नाही. अशी पद्धतीच राज्यात नाही, तेव्हा दयेचे कलमही लागू नाही. तात्पर्य, नाव तंतोतंत बरोबर हवे. नसेल तर नोंद निरुपयोगी. यंत्रणा ढिसाळ सरकारची, भुर्दंड बँकेला, लाभ खुद्द ऋणकोला. कायदा नेहमीच न्यायाचा सख्खा भाऊ असतो असे नाही.

माणसांच्या नावांचे त्रांगडे याहून मोठे. त्यावर २०१३ पासून बहुतेक राज्यांनी तोडगा काढला : मुदत न संपलेल्या ड्रायव्हिंग लायसन्सवर जे छापले आहे, तेच खरे नाव. लायसन्स कार्यालयाने अक्षर चुकवले असेल, तर ते चुकीचे अक्षरच कायद्याने शुद्ध. जन्मदाखला काय म्हणतो याच्याशी कर्ज देणाऱ्याला कर्तव्य नाही. तिकडे दुकान किंवा मोटेल थाटणाऱ्या मराठी माणसाने हे ध्यानात ठेवण्याजोगे. आपल्या पासपोर्टात वडिलांचे नाव बहुधा ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात पहिल्या नावाला चिकटलेले असते, लायसन्सवर ते कधी मधल्या नावाच्या जागी सरकते, कधी पहिल्याच्याच शेपटाला राहते. लग्नानंतर आडनाव बदलून नवे लायसन्स घेतले आणि नव्या नावाने शोधून नोंद सापडेनाशी झाली, तर कर्ज देणाऱ्याने चार महिन्यांत दुरुस्ती करायची. नाही तर त्यानंतर हाती आलेल्या मालावर त्याचा हक्क पोचत नाही. शुभेच्छा द्यायला नसली, तरी तेवढ्यासाठी बँकेने लग्नाची बातमी ठेवावी.

नावाऐवजी क्रमांक का नाही, हा प्रश्न आपल्याकडे सहज सुचेल. आपल्या कंपन्यांवरचे बोजे कंपनीच्या ओळख क्रमांकाखाली नोंदले जातात. अमेरिकेतही २००१ च्या सुधारित कायद्याने नोंदणीकृत संस्थांचा क्रमांक फॉर्मवर मागितला होता. पण शोध नावानेच होत राहिला आणि २०१३ पासून लागू झालेल्या दुरुस्त्यांनी तो रकानाच काढून टाकला. बारा वर्षे माहिती गोळा करायची, ती वापरायची नाही आणि मग अनावश्यक ठरवायची, ही कला फक्त आपल्याच मंत्रालयांना अवगत नाही.

तरीही या कडक नियमामागे शहाणपण आहे. पूर्वी, ‘एखाद्या समंजस माणसाला ही नोंद सापडली असती का’ हे न्यायाधीश ठरवत आणि समंजसपणाचे माप न्यायालयागणिक बदले. कर्ज द्यायला बसलेल्या तिऱ्हाइताला असल्या अंदाजावर पैसे कसे सोडता येतील? उलट, फॉर्म भरणाऱ्याला चूक टाळणे फारसे अवघड नाही. कंपनीच्या मूळ नोंदणीपत्रावरून किंवा लायसन्सवरून नाव जसेच्या तसे उतरवायचे, आणि दाखल केल्यावर तेच नाव टाकून आपली नोंद दिसते का ते पाहायचे. मुरलेले वकील एवढे करतातच. चूक टाळणे ज्याला सर्वांत स्वस्त पडते, तिची किंमतही त्यानेच मोजावी, हे या कायद्याचे सूत्र. त्याच्या टोकाच्या रूपाची आयात करायला नको. फ्लोरिडाची बटणे तर नकोच. पण नाव लिहून घेणाऱ्या कार्यालयाने आपली चूक आपल्या खर्चाने निस्तरावी, एवढा भाग आपल्या बँकांना आणि सरकारी खिडक्यांना लागू करून पाहायला हरकत नाही. चुकीची तोशीस स्वतःच्या खिशाला लागू लागली, की शुद्धलेखन झपाट्याने सुधारते. त्यासाठी साहित्य संमेलनात ठराव मांडावा लागत नाही.